‘वाडी’ आणि ‘अंगण’ : ठाणे जिल्ह्यातील बालशिक्षणाचे शब्द व साधने

संस्थांचा इतिहास लिहिताना स्थापनेची तिथी, संस्थापकांची नावे, देणग्यांचे आकडे आणि इमारतींची वर्णने यांना पुष्कळ जागा दिली जाते. परंतु त्या प्रकारच्या संस्थेला कोणते सामान्यनाम मिळाले व ते का टिकले, या प्रश्नाकडे इतिहासकाराचे सहसा लक्ष जात नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शाळेला मराठीत गेल्या सव्वाशे वर्षांत जितकी नावे मिळाली, तितकी दुसऱ्या एखाद्या संस्थेला क्वचितच मिळाली असतील. किंडरगार्टन, बालोद्यान, बालमंदिर, मॉन्टेसरी, शिशुविहार, बालवाडी, अंगणवाडी आणि आता बालवाटिका, अशी ही परंपरा आहे. यांतील बहुतेक नावांबरोबर मुलाच्या हाती द्यावयाच्या वस्तू बदलल्या. आणि वस्तू बदलल्यामुळे त्या वस्तूंची नावे कोणी कोणाला शिकवावयाची, हेही बदलले. या दुसऱ्या बदलाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी बोर्डी व कोसबाड येथील प्रयोग मुख्य म्हणून घेतला आहे, आणि त्याच्या शेजारी ठाणे शहराच्या पूर्वेकडील कोपरी ही वस्ती ठेवली आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत ही तिन्ही स्थळे एकाच ठाणे जिल्ह्यात मोडत होती. तेव्हा ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही.

प्रथम ‘वाडी’ हा शब्द पाहू. संस्कृत ‘वाटिका’ या शब्दापासून प्राकृतातून तो मराठीत आला. मूळ कल्पना कुंपण घातलेल्या जागेची आहे. मोल्सवर्थच्या कोशात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मराठीत, या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात : एक, कुंपणातील बागायतीची जमीन, दुसरा, शेतकऱ्यांच्या घरांचा लहानसा पुंजका. कोकणात गाव म्हणजे अशा विखुरलेल्या पुंजक्यांचा समूह असल्यामुळे दुसरा अर्थ तेथे विशेष रूढ आहे. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर, जेथे नारळ, केळी व पुढे चिकूच्या बागा उभ्या राहिल्या, तेथे पहिला अर्थही तितकाच जिवंत आहे. आणि शेजारच्या गुजरातीतही ‘वाडी’ म्हणजे बाग. फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या शाळेला जे जर्मन नाव दिले, त्याचा शब्दार्थ ‘मुलांची बाग’ असा आहे. ‘बालवाडी’ या शब्दात तो अर्थ आला, आणि वस्ती हा दुसरा अर्थ त्यात आपोआप मिसळला. ‘बालोद्यान’ हा शब्द अर्थाच्या दृष्टीने अधिक नेमका होता. पण उद्यानात कोणी राहत नाही. तो शब्द मागे पडला व ‘बालवाडी’ टिकला, याचे एक कारण आमच्या मते हे असावे.

किंडरगार्टनच्या टप्प्यावर फार रेंगाळण्याचे कारण नाही. पंडिता रमाबाईंनी १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत असताना फ्रोबेलच्या पद्धतीचा अभ्यास केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढल्यावर तिचा उपयोग केला. तरी ही पद्धती त्या काळी मूठभर संस्थांपलीकडे गेली नाही. मराठी समाजात बालशिक्षणाचा विचार खऱ्या अर्थाने पसरला तो मॉन्टेसरीच्या नावाने, आणि येथे साधनांच्या प्रश्नाकडे बारकाईने पाहणे भाग आहे.

डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. त्यांची साधने प्रसिद्ध आहेत. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत चढत जाणारे दहा गुलाबी ठोकळे, लाकडी फळीतील खाचांत बसणारे दहा दहा दट्टे, रंगांच्या पट्ट्या, खरखरीत कागदाची अक्षरे. या वस्तूंची योजना अशी असते की, मूल चुकले तर वस्तूच त्याला चूक दाखवून देते. दट्ट्या चुकीच्या खाचेत घातला, तर शेवटी एक दट्ट्या उरतो व तो कोठेच बसत नाही. शिक्षिकेला बोलण्याचे प्रयोजन राहत नाही. या मौनाला एक अपवाद आहे, व भाषेच्या अभ्यासकाला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे नाव देण्याचा पाठ. फ्रेंच वैद्य सेगँ यांच्याकडून घेतलेल्या या पाठाला तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर शिक्षिका वस्तू दाखवून म्हणते, ‘हा जाड, हा बारीक.’ दुसरीवर विचारते, ‘जाड कोणता? दे बरे.’ तिसरीवर वस्तू हाती धरून विचारते, ‘हा कसा?’ आणि मूल उत्तर देते. म्हणजे शब्द शिक्षिकेकडून निघतो, वस्तूतून जातो व मुलाच्या मुखाशी पोहोचतो. ज्या घरातील बोली व शाळेतील बोली एकच आहे, तेथे ही व्यवस्था निर्दोष चालते. वस्तू नवी असली, तरी शब्द ओळखीच्या कुळातला असतो. ज्या घरात तसे नाही, तेथे मुलाला वस्तूही परकी आणि शब्दही परका. एकाच वेळी दोन ओझी.

ही पद्धती पश्चिम भारतात रुजविण्याचे श्रेय गिजुभाई बधेका यांना जाते. नानाभाई भट्ट यांनी भावनगर येथे १९१० मध्ये स्थापिलेल्या दक्षिणामूर्ती संस्थेत वकिली सोडून आलेल्या गिजुभाईंनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. ‘मंदिर’ या शब्दाचा संस्कृतातील अर्थ घर असा असला, तरी आधुनिक गुजराती-मराठीत त्याला देवळाचे पावित्र्य आहे, आणि गिजुभाईंच्या लेखनातील बालकविषयक पूज्यभाव पाहता तेच अभिप्रेत होते, यात शंका नाही. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. या कार्यात त्यांना ज्या सहकारी लाभल्या, त्या ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १८९२ मध्ये मुंबईत प्रार्थनासमाजी केळकर कुटुंबात झाला. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वास्तव्य, वैवाहिक जीवनातील ताटातूट, राजकोट येथील स्त्री-अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद, आणि ती मानाची जागा सोडून भावनगरला गिजुभाईंकडे जाणे, हा त्यांचा प्रवास सर्वश्रुत आहे. १९३३ मध्ये ‘शिक्षणपत्रिका’ मराठीतून निघू लागली आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाला. एक मराठी बाई गुजरातीत विचार घडवून तो मराठीत आणीत होती, हे भाषांतराच्या इतिहासातही नोंद घेण्याजोगे आहे. बालशिक्षणाच्या मराठी परिभाषेतील कित्येक शब्द रोमहून थेट आले नाहीत. ते भावनगरला थांबून आले.

दादरच्या शिशुविहारात मध्यमवर्गीय घरांतील मुले येत. तेथे साधने होती, प्रशिक्षित शिक्षिका होत्या, व घरची भाषा शाळेच्या भाषेहून फारशी वेगळी नव्हती. परंतु सान लोरेन्झोच्या गरीब मुलांसाठी जन्मलेली पद्धती एव्हाना जगभर सुखवस्तू घरांची झाली होती. गांधीजींनी २८ ऑक्टोबर १९३१ रोजी लंडन येथे मॉन्टेसरीबाईंच्या प्रशिक्षण विद्यालयात बोलताना नेमकी हीच अपेक्षा व्यक्त केली होती की, हे शिक्षण धनिकांच्या मुलांपुरते न राहता दरिद्री मुलांपर्यंत जावे. ताराबाईंनी तिचे उत्तर शोधण्यासाठी १९४५ मध्ये वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी बोर्डी गाठली. डहाणू तालुक्यातील समुद्रकाठच्या या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले, आणि त्याच वर्षी पुण्याच्या हुजूरपागेतील नोकरी सोडून अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढील सत्तेचाळीस वर्षे, म्हणजे १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, अनुताई या कार्यातच राहिल्या.

येथे बोर्डीच्या भाषिक परिस्थितीविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. शिक्षणविषयक लेखनात ती बाजू दुर्लक्षित राहते. उत्तरेला लागूनच असलेला उंबरगाव तालुका १९६० पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होता; राज्यपुनर्रचनेत तो गुजरातेत गेला. म्हणजे बोर्डी हे मराठी-गुजरातीच्या सीमेवरचे गाव. किनाऱ्यावर मांगेले कोळी, बागाईतदारांत पारशी व गुजराती, आणि डोंगराकडे वारली व इतर आदिवासी. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात वारलीची गणना मराठीच्या कोकणातील बोलींत केली आहे. पण ‘बोली’ म्हटल्याने अंतर कमी होत नाही. पुणेरी मराठीत वाढलेली शिक्षिका आणि पाड्यावरचे चार वर्षांचे वारली मूल समोरासमोर बसले, तर दोघेही मराठी बोलत आहेत हे कोशकाराला कळते, त्या दोघांना लगेच कळत नाही. १९४५ हे वर्ष या भागात आणखी एका कारणाने लक्षात राहिलेले आहे. त्याच वर्षी तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. पांढऱ्या कपड्यातील परक्या माणसाकडे पाड्यावरची मंडळी कोणत्या नजरेने पाहत असतील, हे यावरून ताडता येईल.

केंद्राची पहिली रचना प्रचलित पद्धतीचीच होती : एक जागा, ठराविक वेळ, मुलांनी यावे. गरीब वस्तीतील मुले आली नाहीत. तेव्हा शिक्षिकाच त्यांच्या दाराशी गेल्या. झोपडीसमोरचे अंगण झाडून घ्यावे, मुलांना हातपाय धुऊन, केस विंचरून बसवावे, गाणे म्हणावे, गोष्ट सांगावी, तेथेच काही करावयास द्यावे. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, हे जे सूत्र पुढे सर्वतोमुखी झाले, ते अशा रीतीने निरुपायातून निघाले. केंद्रीय बालवाडी आणि अंगण-बालवाडी असे दोन प्रकार मग स्थिर झाले. ‘अंगण’ हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. तो पत्ता आहे. मराठी घरात अंगण ही जागा घराची असते आणि वाटसरूचीही. पाहुणा तेथे विनापरवानगी उभा राहू शकतो, पण उंबरा ओलांडण्यास त्याला बोलावणे लागते. ज्या लोकांना सरकारी माणसाचे व सावकाराचे भय होते, त्यांच्याशी संबंध जोडण्यास याहून योग्य जागा नव्हती. शिक्षिका तेथे पाहुणी होती.

अंगणात गुलाबी ठोकळे नेता येत नव्हते. पैसा नव्हता, आणि असता तरी पावसाळ्यात चार महिने ते कोठे ठेवावयाचे, हा प्रश्न होताच. म्हणून खडे, शिंपले, बिया, पाने, फुले, काटक्या, माती या सभोवतालच्या वस्तू साधने झाल्या. या गोष्टीचे कौतुक ‘स्वस्त साधने’ या शब्दांत वारंवार केले जाते. आम्हाला ते कौतुक अपुरे वाटते, आणि थोडे दिशाभूल करणारेही. स्वस्तपणाच पाहावयाचा, तर या साधनांत काही गमावले जाते हे प्रथम मान्य केले पाहिजे. ओढ्यातले दहा खडे लहानमोठे लावता येतात. पण कोणता खडा चुकला हे खडा सांगत नाही. मॉन्टेसरीच्या साधनाचा आत्माच असा निसटतो, व शिक्षिकेला पुन्हा ‘चूक, बरोबर’ म्हणावे लागते. त्यावर उपाय नाही असे नव्हे. बांबूची पोकळ कांडी कमीजास्त जाडीची कापून घेतली, तर एकीत दुसरी बसते किंवा बसत नाही, आणि निवाडा बांबूच करतो. चिंचोके फोडून एक बाजू काळी, एक पांढरी करून फेकले, तर मोजणी आणि ताळा दोन्ही मुलाला स्वतः करता येतात. सागरगोट्यांच्या खेळात झेल चुकला हे कोणी सांगावे लागत नाही. साधने निवडताना ही परीक्षा लावावी लागते, आणि ती न लावता नुसते ‘परिसरातील साहित्य’ गोळा केले की टोपलीभर केर जमतो. (जाता जाता : लाल-काळी गुंज दिसावयास मोहक व मोजावयास सोयीची असली, तरी ती विषारी आहे, लहान मुलांच्या टोपलीत तिला जागा नाही.)

खरा फरक नावांच्या बाबतीत पडला. वारली मुलासमोर मोहाची बी, पळसाचे पान, खेकडा, भाताची लोंबी ठेवली, म्हणजे त्या वस्तूचे नाव त्याच्यापाशी आधीच असते. इतकेच काय, शिक्षिकेपाशी जेथे ‘बी’ हा एक शब्द असेल, तेथे त्याच्यापाशी चार असतात. कारण त्याची आई ती वेचते, वाळविते व विकते. सेगँच्या तीन पायऱ्यांची दिशाच उलटते. ‘हे काय?’ हा प्रश्न, जो पद्धतीप्रमाणे शेवटी यावयाचा, तो पहिला होतो, आणि शिक्षिका तो परीक्षक म्हणून न विचारता अडाणी म्हणून विचारते. मूल उत्तर देते. शब्द मुलाकडून निघून वस्तूतून शिक्षिकेपर्यंत जातो. त्यानंतर तिने आपला शब्द त्याच्या शब्दाशेजारी ठेवावा, म्हणजे मुलाच्या दृष्टीने एका वस्तूला दोन नावे झाली. एक गेले आणि दुसरे आले, असे झाले नाही. प्रमाणभाषा शिकविण्याचा याहून सौम्य मार्ग आम्हाला ठाऊक नाही. बोर्डी-कोसबाडच्या साधनांचे मोल आमच्या मते येथे आहे. पैसे वाचले, ही दुय्यम गोष्ट होय.

१९५७ मध्ये केंद्र जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांच्या अधिक निकट, गेले आणि तेथे आणखी एक शब्द जन्मास आला : ‘कुरणशाळा’. गुरे राखणारी मुले दिवसा मोकळी नसतात. म्हणून शिक्षक त्यांच्याबरोबर कुरणात गेले. मोठ्या बहिणी धाकट्यांना कडेवर घेऊन हिंडतात. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणून ‘विकासवाडी’ केली. बहिणीने तान्ह्याला पाळणाघरात ठेवावे, मधल्याला बालवाडीत सोडावे आणि आपण वर्गात बसावे. यांत नियोजनाची एक दृष्टी आहे, व ती आजच्या वेळापत्रकप्रिय शिक्षिकेने समजून घेण्यासारखी आहे. आपण प्रथम तासिका आखतो व मग उपस्थितीची तक्रार करतो. तेथे प्रथम मुलाचा दिवस पाहिला गेला : आवणीच्या दिवसांत घरातली मोठी माणसे चिखलात असतात, गवत कापणीला कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर जातात, मोहाच्या दिवसांत पहाटेच टोपल्या घेऊन निघावे लागते. मग त्या दिवसाच्या फटींत शाळा बसविली गेली. ‘कुरणशाळा’ या समासात ‘कुरण’ आधी येते, हे व्याकरणाच्या नियमाने झाले असले, तरी वस्तुस्थितीही तीच होती.

हे सर्व लिहिताना भाबडेपणा टाळला पाहिजे. या कार्यामागे सुधारणेची जी प्रेरणा होती, तिच्यात वरून खाली पाहणे मुळीच नव्हते, असे म्हणता येणार नाही. आंघोळ, नखे, केस यांवरचा भर आरोग्याच्या दृष्टीने योग्यच होता. पण ज्या पाड्यावर उन्हाळ्यात पाणी डोक्यावरून आणावे लागते, तेथे ‘अस्वच्छ’ हा शब्द स्वभावाला लावावयाचा की विहिरीच्या अंतराला, हा प्रश्न उरतोच. तसेच वारली मुलाची बोली हे त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे साधन मानले जाणे वेगळे, आणि ती स्वतःच जपण्याजोगी भाषा आहे असे मानणे वेगळे. त्या पिढीतील बहुतेक शिक्षणसुधारकांची मजल पहिल्यापर्यंत होती. अर्थात पहिल्यापर्यंतही न पोहोचलेल्या शाळा आज चोहीकडे आहेत, तेव्हा हा आक्षेप घेताना आवाज फार चढविण्याचा अधिकार आम्हाला नाही. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण व अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. अनुताईंचे आत्मकथन ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आजही वाचकांना उपलब्ध आहे, आणि पुरस्कारांपेक्षा त्यातून त्या कामाची कल्पना अधिक येते.

शासनाचे लक्ष या वयाकडे उशिरा गेले. १९४४ च्या सार्जंट योजनेने पूर्वप्राथमिक शाळांत दहा लक्ष मुलांची सोय करावी, अशी शिफारस केली होती. ती कागदावर राहिली. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने पूर्वप्राथमिक शाळा मुख्यतः खाजगी प्रयत्नांवर सोपविल्या. मग २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पक्षेत्रांत सुरू झाली आणि तिच्या केंद्राला ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. आज देशात सुमारे १४ लक्ष अंगणवाड्या आहेत. ताराबाई १९७३ मध्ये निवर्तल्या होत्या. पाड्यावरच्या अंगणात निरुपायाने घडलेला शब्द हिंदी, बंगाली, तेलुगू, मल्याळम अशा भाषांत अधिकृत संज्ञा म्हणून गेला, ही मराठी शब्दांच्या वाट्याला क्वचित येणारी गोष्ट आहे. मात्र शब्द प्रवासाला निघाला की ओझे कमी करतो. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, मातांचे आरोग्यशिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा एका सेविकेवर आल्या. त्यांत शिक्षणाचा क्रम बहुतेक ठिकाणी शेवटचा लागला. ‘अंगणवाडी’ म्हणजे मुलाच्या दाराशी गेलेली शाळा, हा अर्थ पुसट होऊन ‘जेथे खाऊ मिळतो व वजन करतात ती खोली’ हा अर्थ रूढ झाला. खाऊला व वजनकाट्याला आमचा विरोध नाही. भुकेल्या मुलाला ठोकळे देण्यात पुरुषार्थ नसतो.

आता कोपरी. ठाणे स्थानकाच्या पूर्वेस, रूळ आणि खाडी यांच्या मध्ये ही वस्ती आहे. (‘कोपरी’ हे अंगात घालावयाच्या आखूड बंडीचेही नाव आहे; ग्रामनामाशी त्याचा संबंध लावण्याचा मोह आम्ही आवरतो.) शेजारी चेंदणी कोळीवाडा, मिठागरांची आठवण ठेवणारा मीठबंदर रस्ता, आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वसाहत. त्यानंतर चाळी झाल्या, इमारती झाल्या, आणि कोकण, देश, उत्तर भारत येथून माणसे येत राहिली. अशा वस्तीतील अंगणवाडीला अंगण नसते, हे सांगावयास नकोच. प्रस्तुत लेखकाने पाहिलेली एक अंगणवाडी दहा बाय बाराच्या खोलीत भरते. भिंतीवर आंबा, बदक, गरुड, मगर यांची रंगीत चित्रे आहेत, आणि मुले ती मोठ्याने, एका सुरात म्हणतात. जमलेल्या मुलांत कोळी, आगरी, सिंधी आणि हिंदीच्या विविध बोली बोलणारी मुले होती. एक मुलगी शाळेचे नाव ‘अंगनवारी’ असे उच्चारीत होती. आगरी-कोळी बोलींत ‘ण’चा ‘न’, ‘ळ’चा ‘ल’ आणि स्वरमध्यस्थ ‘ड’चा ‘र’ होतो. ‘घोडा’चा ‘घोरा’ होतो त्याच नियमाने ‘वाडी’ची ‘वारी’ झाली. मुलीचा उच्चार नियमबद्ध होता. तो सुधारण्याची घाई सेविकाबाईंनी केली नाही, याचे आम्हास समाधान वाटले.

या खोलीपासून खाडी पायी पोहोचण्याइतकी जवळ आहे. भरती-ओहोटीच्या चिखलात ‘निवटी’ उड्या मारते. हा मासा पाण्याबाहेर चिखलावर चालतो, आणि कोळीवाड्यातील मुलाला त्याचे नाव, चाल, चव व बीळ ही सर्व ठाऊक असतात. देशावरून आलेल्या शिक्षिकेला तो मासा की बेडूक, हेही सांगता येणार नाही. तिच्यापाशी ‘खेकडा’ आहे, मुलापाशी ‘चिंबोरी’. तिच्या लेखी सगळे शिंपले एकच. त्याच्या घरी ‘तिसऱ्या’ वेगळ्या आणि ‘कालवे’ वेगळी, कारण एक उकडली म्हणजे उघडतात व दुसरी खडकावरून टोचून काढावी लागतात. वर्गीकरण ही बालवाडीतील मुख्य क्रियांपैकी एक. ती रंगीत प्लास्टिकच्या गोलांवर करता येते, आणि धुऊन, उकळून, धार घासून बोथट केलेल्या शिंपल्यांच्या टोपलीवरही करता येते. दुसऱ्या प्रकारात मूल गट पाडताना त्याचे नाव सांगते, कारण सांगते, आणि सिंधी घरातील मूल ते ऐकते. त्याच्या घरी त्या वस्तूला काय म्हणतात हे दुसऱ्या दिवशी विचारून येते. जाळे विणणाऱ्या आजोबांना अर्धा तास बोलाविले, तर दोऱ्याची गाठ हा बोटांचा व्यायाम होतो, आणि जाळ्याच्या डोळ्याचे मापन हे गणित. डोळा लहानमोठा झाला की जाळे ओढ खाते. चूक जाळेच सांगते. मॉन्टेसरीबाईंची अट येथे पुरी होते. सिंधी आजीने पापड लाटून दाखविला, तर वर्तुळ, पातळ-जाड आणि ऊन-सावली हे पाठ एका पोळपाटावर होतात. उत्तरेकडच्या आईने सत्तू कालविला तर पाण्याचे प्रमाण मोजावे लागते. हे सर्व त्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर उपलब्ध आहे, आणि भिंतीवरची मगर नाही.

या रचनेतील अडचणही स्पष्ट आहे. कोसबाडला वर्गातील बहुतेक मुलांची बोली एक होती. शिक्षिकेने एक बोली शिकली की काम होई. कोपरीत एका वर्गात पाच. सर्व मुलांना ओळखीची अशी एकही वस्तू सापडणे कठीण. तेव्हा येथे वस्तू पाळीपाळीने निवडावी लागते, आणि आज ज्याला ठाऊक आहे तो उद्या ऐकणारा होतो. कोसबाडची उजळणी येथे करून चालणार नाही. तेथून उचलावयाची ती प्रश्नाची दिशा. सेविकेच्या वाट्याला आधीच इतक्या नोंदवह्या आहेत की, आणखी एखादे काम सुचविताना संकोच होतो. पण तिच्या साप्ताहिक नियोजनात कोणती वस्तू कोणत्या मुलाच्या घरची, एवढे लिहिण्यास फारसा वेळ लागत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर मानला, व पहिलीपूर्वीच्या वर्गाला ‘बालवाटिका’ म्हटले. ‘वाडी’ पुन्हा ‘वाटिका’ झाली. प्राकृतातून लोकांच्या तोंडी घासून गोल झालेला शब्द उचलून परत संस्कृतच्या कपाटात ठेवला गेला. या रूपात ‘बाग’ शिल्लक आहे, ‘वस्ती’ नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र शासनाने ‘जादुई पिटारा’ या नावाने खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रफलक यांची पेटी प्रसिद्ध केली. तिचा हेतू चांगला आहे, खेळातून शिक्षण हे तत्त्वही तिने अधिकृत केले आहे, आणि स्थानिक खेळणी व भाषा यांचा पुरस्कार धोरणात शब्दशः केलेला आहे. तथापि पेटी ही पेटीच. तिच्यातील प्रत्येक वस्तूचे नाव ती उघडण्यापूर्वी ठरलेले असते. कोपरीतील सेविकेला ती मिळाली, तर तिने ती जरूर वापरावी. तिच्यातील एक कप्पा मात्र रिकामा करून घ्यावा आणि त्यात त्या आठवड्यात मुलांनी आणलेल्या वस्तू ठेवाव्यात. नियोजनाच्या वहीत वस्तूच्या नावासाठी जो रकाना असतो त्याच्या शेजारी दुसरा रकाना आखावा, त्यात मुलाने सांगितलेले नाव त्याच्याच उच्चाराप्रमाणे लिहावे, आणि भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वर्षाअखेरीस त्या वह्या वाचावयास मागाव्यात. आमच्या विभागातील दोन विद्यार्थिनींनी तशी तयारी दर्शविली आहे. पावसाळा संपून खाडीकाठची वाट मोकळी झाली की काम सुरू होईल.